खारपाणपट्टा कुठे सापडतो?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच पाणी ओलिताला दिलं तर जमीन चोपण होते. वऱ्हाडातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. पण याच विषयावर पीएच.डी. करायला निघालेला विद्यार्थी ग्रंथालयातल्या संगणकावर रोमन अक्षरांत 'खारपाणपट्टा' टाइप करतो, तेव्हा समोर मूठभर नोंदी येतात. त्यातल्या निम्म्या वर्तमानपत्रांच्या असतात. तो मार्गदर्शकांकडे जाऊन सांगतो, "सर, या विषयावर काहीच काम झालेलं नाही." पुढे हेच वाक्य जरा सजून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात जातं आणि तिथे त्याला 'संशोधनातील उणीव' असं भारदस्त नाव मिळतं.

काम झालेलं आहे, आणि भरपूर झालेलं आहे. फक्त ते 'खारपाणपट्टा' या नावाखाली ठेवलेलं नाही. मृदाशास्त्रज्ञ या भागाला 'पूर्णा व्हॅली' म्हणतात. आपल्या काळ्या कसदार जमिनीला ते 'व्हर्टिसोल्स' म्हणतात, चोपणपणाला 'सोडिसिटी' आणि पाणी न मुरण्याचं दुखणं ते 'हायड्रॉलिक कंडक्टिव्हिटी'नं मोजतात. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णाखोऱ्यातल्या व्हर्टिसोल्सवर लिहिलेले निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले आहेत. भूजलाचा अभ्यास करणारे याच पट्ट्याला 'पूर्णा अ‍ॅल्युव्हियम' म्हणतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले प्रबंध 'सॉल्ट अफेक्टेड सॉइल्स' म्हणतात. खारपाणपट्टा तोच, पण त्याची नावं पाच-सहा. ज्याला एकच नाव माहीत, त्याला एकाच नावाचं मिळतं.

म्हणून शोधाची पहिली पायरी संगणकाच्या बाहेर, साध्या कागदावर घालायची असते. आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा: "खारपाणपट्ट्यात जिप्सम टाकल्यानं कपाशीच्या उत्पादनात किती फरक पडतो?" या वाक्यात चार गोष्टी आहेत: जागा, जमिनीचं दुखणं, उपाय आणि पीक. प्रत्येकीखाली तिची सगळी नावं मांडायची. जागेखाली पूर्णा व्हॅली, पूर्णा बेसिन, विदर्भ, बेरार, तीनही जिल्हे. दुखण्याखाली सलाइन, सोडिक, सॉल्ट अफेक्टेड, अल्कली. पिकाखाली कॉटन आणि गॉसिपियम. गावातला शेतकरी काय म्हणतो, कृषी सहायक काय म्हणतो, शास्त्रज्ञ काय म्हणतो आणि शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज अधिकारी काय म्हणत होता, हे सगळं त्या कागदावर यायला हवं. इथे वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याची बाजू खरं तर जड असते. परदेशातला संशोधक शास्त्रीय नावं घडाघडा सांगेल, पण 'चोपण' हा शब्द आणि ती जमीन, दोन्ही याला घरून माहीत असतात.

ही नावं जोडायची रीत मात्र जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाची. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी तो आयर्लंडमधल्या कॉर्कच्या महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला, आणि 1854 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यानं तर्काला बीजगणिताचं रूप दिलं. आज डेटाबेसमध्ये आपण 'अँड', 'ऑर' आणि 'नॉट' लिहितो ते त्याच्याच जोरावर. नियम सोपा आहे. एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या नावांमध्ये 'ऑर' घालायचा आणि ती सगळी एका कंसात ठेवायची. निरनिराळ्या गोष्टींच्या कंसांमध्ये 'अँड' घालायचा. दोन शब्द जोडीनंच यायला हवे असतील, तर त्यांना अवतरणचिन्हांत बंद करायचं. म्हणजे पहिल्या कंसात अवतरणांतला 'पूर्णा व्हॅली' ऑर विदर्भ ऑर अकोला ऑर अमरावती, मग अँड, दुसऱ्या कंसात सोडिक ऑर सोडिसिटी ऑर सलाइन, पुन्हा अँड, आणि तिसऱ्या कंसात कॉटन ऑर गॉसिपियम. 'ऑर'नं जाळं रुंद होतं, 'अँड'नं ते आवळलं जातं. पुष्कळजण याच्या नेमकं उलट करतात. सगळे समानार्थी शब्द 'अँड'नं जोडतात, आणि शून्य नोंदी आल्या की डेटाबेसला नावं ठेवतात.

'नॉट'बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्या पूर्णेनंच तो घोटाळा करून ठेवला आहे. पूर्णा नावाची नदी एक नाही. आपली पूर्णा सातपुड्यात उगम पावून तापीला मिळते. मराठवाड्यातली पूर्णा गोदावरीला मिळते. गुजरातेत नवसारीजवळून समुद्राला जाणारी पूर्णा आणखी वेगळी. नुसतं 'पूर्णा' शोधलं तर तिन्ही नद्यांचं पाणी एका घागरीत. मोह असा होतो की 'नॉट गोदावरी' लिहून मोकळं व्हावं. तसं केलं की मराठवाड्यातली पूर्णा जाते, पण तिच्याबरोबर तापी आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांच्या जमिनींची तुलना करणारा निबंधही जातो. नेमका तोच आपल्या कामाचा असू शकतो, आणि गेलेला दिसतही नाही. 'नॉट'नं काय टाकलं हे यंत्र सांगत नाही. म्हणून नको ते वगळण्यापेक्षा हवं ते जोडावं: 'अँड तापी', 'अँड अकोला'. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं पहिली काही वर्षं 'नॉट' वापरूच नये.

शब्दाच्या शेवटी तारा (*) टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते. 'सोडि' इतकं लिहून पुढे तारा टाकला की सोडिक, सोडिसिटी, सोडियम हे सगळं येतं. 'गॉसिप' लिहून तारा टाकला की कपाशीचं शास्त्रीय नावही येतं आणि तिच्या अळीचंही. मात्र इंग्रजी स्पेलिंगमध्ये वायच्या जागी आय पडला, तर कपाशीऐवजी चावडीवरच्या गप्पांवरचे समाजशास्त्रीय निबंध समोर येतील. तेही वाचनीय असतात, पण त्यांवर कृषी विद्यापीठ पदवी देत नाही.

अळीचा विषय निघालाच आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी पोखरली. त्यानंतर या अळीवर लिहिलेलं अमाप आहे आणि ते 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला' या नावानं पटकन मिळतं. पण या अळीचा शास्त्रीय इतिहास 1843 पासूनचा आहे. सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं भारतातून आलेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, तेव्हा तिचं नाव होतं 'डिप्रेसारिया गॉसिपिएला'. पुढे ती 'गेलेचिया' झाली, मग 'प्लॅटीएड्रा', आणि त्यानंतर 'पेक्टिनोफोरा'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शेतकी खात्यांच्या अहवालांत ती 'प्लॅटीएड्रा' म्हणून भेटते. बीटी बियाणं येण्याआधी, फवारण्यांचा मारा सुरू होण्याआधी या अळीला लोक कसे आवरत होते, पऱ्हाट्या उपटून जाळणं आणि सरकी तापवणं यांचा कितपत उपयोग होत होता, हे ज्याला शोधायचं आहे त्यानं आजचंच नाव टाकलं तर त्या काळाचं दार बंदच राहतं.

यावर ग्रंथपालांनी काढलेला तोडगा म्हणजे नियंत्रित शब्दावली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 'अ‍ॅग्रोव्हॉक' हा शब्दकोश तयार केला. आज तो 40 हून अधिक भाषांत आहे, आणि त्याच संघटनेच्या 'अ‍ॅग्रिस' या डेटाबेसमधल्या नोंदींना त्यातले विषयशब्द लावलेले असतात. लेखकानं कुठलाही शब्द वापरो, नोंदीवरचा शिक्का एकच. वैद्यकशास्त्रात 'पबमेड'साठी हेच काम 'मेश' करतं. शोधताना एखादा नेमका निबंध हाती लागला की त्याच्या नोंदीत खाली विषयशब्द दिलेले असतात, ते आधी पाहावेत. आपल्या कागदावर नसलेलं एखादं नाव तिथे हमखास सापडतं. शिवाय जातींची नावं सांभाळायला हवीत. अकोल्याची देशी कपाशी 'एकेए-8' कुठे आडव्या रेघेनं, कुठे मोकळ्या जागेनं, तर कुठे सगळं जोडून लिहिलेली असते, आणि यंत्राच्या लेखी ती कधी कधी तीन वेगळी बियाणी असतात. संत्र्याच्या विद्यार्थ्यानं 'ऑरेंज' टाकून बसू नये. वरुड-मोर्शीचा संत्रा शास्त्रीय साहित्यात 'नागपूर मँडरिन' आहे, 'ऑरेंज'खाली मोसंबीच्या राशी येतात.

इतिहासाच्या अभ्यासकाचं काम याहून कठीण, कारण त्याच्या बाबतीत गावांनीच वेश बदललेले असतात. अमरावती जुन्या इंग्रजी कागदांत 'उमरावती' उच्चाराच्या लांबलचक स्पेलिंगनं येते, पुढे 'अमरावती'चं 'अमरावटी'सारखं दिसणारं स्पेलिंग येतं. 1911 चं जिल्हा गॅझेटिअर याच दुसऱ्या रूपाखाली आहे. अचलपूर 'एलिचपूर' आहे, यवतमाळ 'येवतमाळ'. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला 'ऊमरा' म्हणत. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात विलायतेतल्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज पडली, तेव्हाच्या व्यापारी कागदांत हे नाव जागोजाग येतं, आणि 'अमरावती' शोधणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुठल्या कपाटात शोधायचं. वऱ्हाड मुंबई राज्यात आला 1956 साली. त्याआधीचे कागद मुंबई सरकारच्या दप्तरात धुंडाळणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी आपलं ताट शोधणं. 1853 साली निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा त्याचं सरकारी नाव होतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. 1870 चं लायल यांनी संपादित केलेलं गॅझेटिअर याच नावानं निघालं. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालत असल्यानं पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याकडे जाई. 1903 पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर वऱ्हाडचा दुष्काळ किंवा कापूस शोधायचा, तर साल पाहून खातं ठरवावं लागतं. डेटाबेस हे करून देत नाही. त्यासाठी इतिहासच माहीत असावा लागतो.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांची अडचण निराळी. गाडगेबाबांचं उदाहरण घ्या, कारण अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. 'गाडगेबाबा', 'गाडगे बाबा', 'गाडगे महाराज' आणि मूळ नाव 'डेबूजी' इतकी रूपं देवनागरीतच झाली. रोमनमध्ये ती दुप्पट होतात. खुद्द विद्यापीठ 1983 ते 2005 पर्यंत नुसतं 'अमरावती विद्यापीठ' होतं, त्यामुळे जुने प्रबंध त्या नावाखाली. अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 चं. ते कुठे 'पंजाबराव' तर कुठे 'पीकेव्ही' असतं. पंजाबराव इंग्रजीत कधी यूनं लिहितात, कधी एनं. विदर्भ व्हीनं, पण वर्धा आणि वाशीम डब्ल्यूनं, आणि वऱ्हाडी बोली दोहोंनी.

'वऱ्हाड' हा शब्द तर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. त्यातला आडवा र काही कळफलक एका संकेतानं लिहितात, काही दुसऱ्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. एका कळफलकानं काही मिळालं नाही तर दुसऱ्यानं लिहून पाहावं, किंवा नुसतं 'विदर्भ' टाकावं. जुन्या मराठी प्रबंधांत आणखी एक खोच असते. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाल्यांनी जे फाँट वापरले, त्यांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही, ती पानं उलटूनच वाचावी लागते. आणि 1950 पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी आजही खरा डेटाबेस छापीलच आहे: शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला भाग 1800 ते 1937 पर्यंतच्या ग्रंथांचा, दुसरा 1938 ते 1950 पर्यंतच्या. अनुदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजच्या प्रकल्पांनी त्या दोन खंडांकडे एकदा पाहून घ्यावं.

भारतीय प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्रानं ती उभी केली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'वर असतात. अकोल्याचा विद्यार्थी फक्त शोधगंगा पाहून परतला, तर त्यानं स्वतःच्या विद्यापीठाच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवलेली असते. शोधगंगेत प्रबंध तुकड्यातुकड्यांनी चढवलेले असतात: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरणं, संदर्भसूची, सगळ्यांच्या वेगळ्या फाइली. बहुतेकजण आधी पहिलं प्रकरण उघडतात. माझा सल्ला, आधी संदर्भसूची उघडा. प्रबंध कसाही असो, कोणीतरी तीन-चार वर्षं घालवून जमवलेली ती यादी असते, आणि तिच्यावरून प्रबंधाची प्रतही लगेच कळते. यादी 1995 ला थांबली असेल आणि प्रबंध 2015 चा असेल, तर पुढे काय वाचायला मिळणार याचा अंदाज येतो.

संदर्भांवरून मागे जाता येतं, तसं पुढेही जाता येतं. एखाद्या जुन्या निबंधाचा उल्लेख नंतर कोणी कोणी केला, हे शोधायची सोय यूजीन गारफील्ड या अमेरिकनानं 1964 साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढून दिली. आजचं 'वेब ऑफ सायन्स' त्याच वंशातलं. 'स्कोपस' आणि 'गूगल स्कॉलर' हेही तेच करतात. पूर्णाखोऱ्यावरचा एक चांगला निबंध हाती लागला, तर त्याला उद्धृत करणाऱ्यांची यादी उघडावी. शब्दांच्या फंदात न पडता विषय पुढे सरकलेला दिसतो. गूगल स्कॉलर फुकट आहे आणि हाताशी आहे, पण त्याच्या क्रमवारीत आधीच पुष्कळदा उद्धृत झालेल्या लेखनाला झुकतं माप मिळतं. अकोल्याच्या 'पीकेव्ही रिसर्च जर्नल'मधला आपल्या नेमक्या तालुक्यावरचा निबंध तिथे फार मागे राहू शकतो.

पैशाचा अडथळा अलीकडे पुष्कळ कमी झाला आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि जवळपास 13,000 नियतकालिकं. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या शिक्षणसंस्था तिच्यात येतात. आपलं महाविद्यालय त्यात बसतं का आणि घरून वापरायला खातं कसं मिळतं, हे दोन प्रश्न ग्रंथपालांना प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच विचारावेत. निबंध चाळीस डॉलरला विकत घ्यायचा फलक दिसला म्हणून परत फिरलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. तोच निबंध त्यांच्या ग्रंथालयाच्या खात्यावर उघडत होता. प्रकाशनासाठी कुठलं नियतकालिक चांगलं हे सांगणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' यादी 2025 च्या सुरुवातीला बंद झाली आहे, तेव्हा त्या यादीच्या नावानं पैसे मागणाऱ्यांपासून जपून.

आता नवा मोह: गप्पा मारणाऱ्या यंत्राला विचारलं की ते दहा संदर्भ फटाफट देतं, लेखक, साल, पानं यांसकट. त्यातले काही खरे असतात आणि काही जगात कुठेच नसतात. अशा यंत्राकडून पर्यायी शब्द जरूर मागावेत, त्यात ते उपयोगी आहे. संदर्भ मात्र डेटाबेसमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

वही हवीच. कुठल्या तारखेला, कुठल्या डेटाबेसमध्ये, नेमकी कुठली ओळ टाकली आणि किती नोंदी आल्या, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे. संदर्भ साठवायला 'झोटेरो'सारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. शोध कधी थांबवायचा, हेही ही वहीच सांगते. नव्या शब्दांनी, नव्या ठिकाणी शोधूनही पूर्वी पाहिलेलेच निबंध पुन्हा पुन्हा यायला लागले, की शोध थांबवून वाचायला बसावं. 'या विषयावर काम झालेलं नाही' असं लिहिण्याचा अधिकार या टप्प्यानंतर येतो, आणि तेव्हाही कुठे, काय शोधलं ते वाक्यासोबत द्यावं लागतं.

शेवटी एक विनंती. प्रबंध सादर करताना विषयशब्द भरायचा एक चौकोन असतो. आपले बहुतेक विद्यार्थी तो शेवटच्या दिवशी, घाईत, शीर्षकातलेच तीन शब्द पुन्हा लिहून भरतात. तसं करू नका. तालुक्याचं नाव लिहा, जुनं नाव लिहा, शास्त्रीय नाव लिहा, मराठीतलं देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही लिहा. तुम्हाला शोधायला लागलेली सगळी नावं त्या चौकोनात जाऊ द्या, आणि चौकोन भरण्याआधी एकदा आपल्या ग्रंथपालांना दाखवा.